बाद गडी

लहान मुलांच्या तोंडी 'मेलो' हा शब्द जितक्या सहजपणे येतो, तितका तो मोठ्यांच्या तोंडी येत नाही. मोठी माणसे या शब्दाला भितात. त्याला वळसा घालून ती 'वारले', 'देवाघरी गेले', 'कैलासवासी झाले' असे काहीबाही म्हणतात. मुले मात्र दिवसातून दहा वेळा मरतात आणि दहा वेळा जिवंत होतात. आमच्या लहानपणी हे मरणे-जगणे मैदानावर, फक्कीने आखलेल्या रेघांच्या आत चालत असे. आता ते तळहाताएवढ्या काचेवर चालते. मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीआड चारपाच डोकी एकत्र झाली आणि 'अरे मी मेलो, मला उठव, मला उठव!' असा आकांत कानी आला, तर नवख्या माणसाच्या छातीत धस्स व्हावे. आम्हां मास्तर लोकांना आता त्याचे काही वाटत नाही.

पालकांना मात्र वाटते. हल्ली पालकसभेत फी आणि गणवेश यांच्या खालोखाल तक्रार असते ती मोबाइलच्या खेळाची. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, या तक्रारी नेहमीच्याच. पण एकदा एका गृहस्थांनी निराळी तक्रार केली. ते म्हणाले, "मास्तर, या खेळात माणूस मरतो आणि लगेच उठतो. मरणाची किंमतच राहिली नाही. उद्या ही पोरं खऱ्या मरणालाही खेळ समजतील!" त्याच आठवड्यात मी वर्गात हा विषय काढला, तेव्हा मागच्या बाकावरून अस्सल सोलापुरी उत्तर आले, "सर, मरून काय होतंय? परत येतंयच की!" वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या गृहस्थांचा प्रश्न मनातून गेला नाही.

दिवाळीच्या दिवसांत या अशुभ गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, आपली दिवाळी यमाला वगळून कुठे होते? धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे ज्योत करून आपण त्याच्यासाठी दिवा लावतो, आणि सणाची सांगता होते ती यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला त्या द्वितीयेला. वर्षातून एकदा ज्याला घरचा पाहुणा मानायचे, त्याच्याविषयी फराळाचे ताट पुढ्यात असताना चार शब्द बोलायला हरकत नसावी.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मेलेला गडी जिवंत करण्याची कल्पना संगणकाने काढलेली नाही. ती आमच्या मातीतली आहे. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, नियमांत बांधली जाण्यापूर्वी तिच्या तीन तऱ्हा प्रचलित होत्या आणि त्यांची नावे मोठी अर्थपूर्ण आहेत. एक संजीवनी, दुसरी गामिनी आणि तिसरी अमर. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन मैदानात परत येतो. गामिनीत तसे नाही. तिथे एकदा गेला तो गेला, आणि सगळा संघ बाद होईपर्यंत त्याने रेघेबाहेर बसून राहायचे. अमर या प्रकारात कोणी बाहेर जातच नाही. मेलेल्याच्या नावावर नुसता गुण मांडला जातो आणि गडी पुन्हा उभाच असतो. पुढे १९२३ च्या सुमारास नियमांची घडी बसू लागली, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी हा खेळ बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवला आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकाचा मान मिळाला. या सगळ्या वाटचालीत टिकली ती संजीवनीची रीत. आजही कबड्डीत गडी मरतो, बाजूला बसतो, आणि सोबत्यांनी गुण मिळवला की उठून आत येतो.

या तीन नावांत मला मरणाविषयीची तीन निरनिराळी मते दिसतात, आणि मौज अशी की, सातासमुद्रापलीकडच्या खेळ रचणाऱ्यांनाही या तिन्हींमधूनच निवड करावी लागली. घरोघर बसलेली हजारो माणसे तारेने एकमेकांशी जोडली जाऊन एकाच काल्पनिक जगात वावरतात, असे काही खेळ आहेत. त्यात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे. कोणी योद्धा व्हायचे, कोणी मांत्रिक, कोणी जखमा भरून काढणारा पुरोहित. हे सोंग महिनोन्‌महिने वाढवायचे, त्याला शस्त्रे मिळवायची, त्याची पायरी चढवायची. मग ते लढाईत पडले म्हणजे काय करावे? सगळेच पुसून टाकले तर माणूस खेळ सोडून जाईल, आणि काहीच गमावले नाही तर लढाईला अर्थ उरणार नाही. धर्मशास्त्रकारांना पडावा तसा हा पेच आहे.

१९९९ साली निघालेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळाने दंड कडक ठेवला. पात्र मेले की त्याचे प्रेत सगळ्या चीजवस्तूंसह जिथल्या तिथे पडून राही, आणि खेळणारा दूर कुठेतरी रिकाम्या हातांनी जागा होई. त्याच धोक्याच्या जागी परत जाऊन आपलेच प्रेत गाठायचे, त्यावरचे सामान काढून घ्यायचे, आणि ठरलेल्या मुदतीत हे जमले नाही तर सारेच गेले! शिवाय कमावलेल्या अनुभवातून काही वजा होई तो निराळाच. कोणी समर्थ पुरोहित प्रेतापाशी येऊन मंत्र म्हणेल, तर त्यातला बराचसा अनुभव परत मिळे. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने दंड सौम्य केला. तिथे मेलेल्याचे भूत होऊन ते जवळच्या स्मशानात उभे राहते. त्याला सारे जग करडे, रंग उडालेले दिसते. तसेच धावत जाऊन ते आपल्या देहात शिरले की जिवंत. तेवढी धाव नको असेल तर स्मशानातली एक देवता जागच्या जागी उठवते. पण मग चिलखत-शस्त्रांची चौथाई झीज होते आणि दहा मिनिटे अंगात बळ राहत नाही. मरण म्हणजे थोडा दंड आणि थोडी पायपीट, म्हणजेच आमची संजीवनी!

आता पालकसभेतल्या गृहस्थांना सांगण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. इतके सुलभ मरण हाती आल्यावर माणसे सुखी झाली का? नाही. त्यांतल्या कित्येकांनी आपण होऊन गामिनीची शपथ घेतली. पात्र एकदा मेले की ते कायमचे टाकून द्यायचे, असा नेम त्यांनी आपसांत घालून घेतला. हा नेम पाळणारे इतके वाढले की ऑगस्ट २०२३ मध्ये त्या खेळाच्या कंपनीने अशा खेळाडूंसाठी निराळे जग उघडले. त्याला हार्डकोअर म्हणतात. तिथे मेलेल्याला भूत होऊन गप्पा मारता येतात, पण जिवंत होता येत नाही. पुराणात राक्षस तप करून अमरत्व मागतात. इथे अमरत्व मिळालेल्या माणसांनी मरण मागून घेतले!

असे का व्हावे? कादंबऱ्या लिहिण्याचा उद्योग करणाऱ्या माणसाला याचे उत्तर थोडेफार ठाऊक असते. कोनन डॉइलसाहेबांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून दिले आणि वाचकांच्या आग्रहामुळे दहा वर्षांनी, १९०३ साली, त्याला परत आणले. वाचक खूष झाले. पण त्यानंतर होम्सवर कितीही मोठे संकट आले, तरी वाचकाचा श्वास पहिल्यासारखा अडकला असेल का? मला शंका आहे. माझ्या एका कादंबरीतली म्हातारी मी चौदाव्या प्रकरणात मारली, तेव्हा एका वाचक भगिनींनी पत्र लिहून रागे भरले होते. त्यांचा राग मला पुरस्कारासारखा वाटला. पुढच्या आवृत्तीत मी त्या म्हातारीला उठवून बसवले असते, तर त्या बाईंच्या आसवांचा तो अपमान झाला असता. जे परत येत नाही त्याचाच जीव लागतो. पान उलटल्यावर मागे जाता येत नाही, म्हणूनच पान वाचताना माणूस थबकतो.

इथवर पाहता गृहस्थांचेच म्हणणे खरे ठरते, असे कोणी म्हणेल. मरण महाग तेवढे जगणे मोलाचे, मग मरण स्वस्त करणारे खेळ वाईटच! पण हा हिशेब अर्धा आहे. उरलेला अर्धा सापडतो तो कच-देवयानीच्या कथेत.

ही कथा आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरण' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ती मराठी घरात नांदत आहे. देवांनी बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला धाडले. असुरांनी त्याला एकदा मारले, दोनदा मारले. देवयानीच्या आर्जवाने शुक्राचार्यांनी दोन्ही वेळा उठवले. तिसऱ्या खेपेस असुरांनी त्याची राख मद्यात कालवून खुद्द गुरूलाच पाजली. आता कचाला उठवायचे तर गुरूचे पोट फाटणार! शेवटी शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला विद्या शिकवली, तो पोट फोडून बाहेर आला, आणि त्याने मृत गुरूला त्याच विद्येने जिवंत केले.

ही कथा काय सांगते? मेलेला स्वतःहून उठत नाही. त्याला कोणीतरी उठवावे लागते, आणि उठवणाऱ्याला त्याचे मोल द्यावे लागते. पहिल्या दोन वेळा ते मोल देवयानीची आसवे एवढे होते, तिसऱ्या वेळी ते गुरूच्या प्राणांवर गेले. कबड्डीतही तेच. बाहेर बसलेल्या गड्याच्या हाती काही नसते. आत राहिलेला सोबती दम धरून परक्या अंगणात जातो, तेव्हा याला प्राण मिळतात. आमची मुले जो खेळ खेळतात, त्यातही गोळी लागलेला साथी गुडघ्यांवर रांगत असतो. दुसऱ्याने त्याच्याशेजारी काही सेकंद बसून राहावे लागते, आणि तेवढा वेळ तो स्वतः शत्रूच्या नेमाखाली असतो. 'मला उठव' या हाकेचा अर्थ 'माझ्यासाठी तू धोका पत्कर' असा आहे. मुलांना हे शब्दांत सांगता येणार नाही. पण त्या हाकेला कोण धावून आला आणि कोण पळून गेला, हे ती कधी विसरत नाहीत. मरण स्वस्त झाले तरी मैत्री स्वस्त झालेली नाही.

सप्टेंबर २००५ मध्ये 'वॉरक्राफ्ट'च्या जगात एक विलक्षण प्रकार घडला. एका सर्परूपी दैवताशी लढणाऱ्यांना रक्तदोषाचा एक शाप लागे. तो त्या लढाईपुरताच राहायचा, पण पाळीव जनावरांच्या मार्फत तो बाहेर निसटला आणि भर शहरांत साथीसारखा पसरला. रस्तोरस्ती सांगाडे पडले. त्या वेळी काही खेळाडू नगर सोडून पळाले, काही जाणूनबुजून रोग पसरवत हिंडले, आणि काही जण आपण होऊन रोग्यांना बरे करण्यासाठी पुढे धावले. अखेर कंपनीलाच यंत्रे बंद-चालू करून तो निस्तरावा लागला. साथींचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी पुढे, २००७ साली, 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक मासिकात त्यावर निबंध लिहिला. खेळातली माणसेही साथीत खऱ्या माणसांसारखीच वागली, हे त्यांचे कुतूहल.

अगदी सारखीच? मला इथे थांबावेसे वाटते. कारण मी ज्या गावात राहतो, तिथे ९ डिसेंबर १९४२ या तारखेला अर्थ आहे. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. जपानशी चाललेल्या त्या युद्धात त्यांनी आघाडीवर जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केले, आणि मुलगा काही महिन्यांचा असताना, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. चार डॉक्टर मायदेशी परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'आणि एक परत आला नाही' असा आहे. त्याच पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला, आणि त्याचे नाव ठेवले 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'. सोलापुरात त्यांच्या जन्मघरी आता स्मारक आहे.

एकाच माणसाविषयीची ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा. एक म्हणते परत आला नाही, दुसरे म्हणते अमर. आणि दोन्ही खरी आहेत! पहिले खरे आहे म्हणूनच दुसरे खरे आहे. दहा मिनिटांच्या अशक्तपणानंतर पुन्हा उठता येणार, हे ठाऊक असलेल्या पुरोहिताने रोग्यांत धावून जाणे हा चांगुलपणा आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण जिथून परत येता येत नाही, हे पुरते ठाऊक असताना जो जातो, त्याच्या जाण्याला निराळाच शब्द लागतो. खेळ आपल्याला धावून जाण्याची सवय लावू शकतो. त्या धावण्याचे खरे मोल मात्र खेळाबाहेरच चुकवावे लागते.

मग खेळातल्या जगात खरे मरण कधी येतच नाही का? येते. नॉर्वेमध्ये मॅट्स स्टेन नावाचा एक तरुण होता. स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या असाध्य व्याधीने त्याला चाकाच्या खुर्चीत जखडले होते. त्याचे हजारो तास 'वॉरक्राफ्ट'मध्ये गेले. तिथे तो आयबेलिन नावाचा धिप्पाड, चपळ वीर होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो वारला. आपल्या मुलाचे आयुष्य एकाकी गेले, मैत्री आणि प्रेम काही त्याला लाभले नाही, हे आईबापांचे दुःख होते. वडिलांनी त्याच्या निधनाची वार्ता संगणकावरून कळवली, आणि देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. याने कोणाच्या संसारातला अबोला मिटवला होता, कोणाला निराशेतून बाहेर काढले होते. त्याला कधी न पाहिलेले सोबती परदेशांतून त्याच्या अंत्ययात्रेला आले. अजूनही त्याचे साथी दरवर्षी खेळात जमून त्याच्या नेहमीच्या वाटेने त्याच्या आठवणीसाठी धावतात. ज्या जगात प्रत्येक भूत उठून उभे राहते, तिथे हा एक उठत नाही, आणि त्याची जागा सगळ्यांना कळते.

माझ्या शाळेतल्या मुलांनाही हा भेद उमजतो. एका मुलाचा मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याचे नाव मित्रांच्या मोबाइलमध्ये खेळाच्या यादीत अजून आहे. नावापुढे 'इतक्या दिवसांपूर्वी आला होता' असा आकडा असतो आणि तो रोज एकाने वाढतो. ते नाव कोणी काढून टाकत नाही. मी कारण विचारले नाही. 'परत येतंयच की' म्हणणारा तो मागच्या बाकावरचा मुलगा त्याच टोळीतला आहे. मुले खऱ्या मरणाला खेळ समजतील ही भीती मला तेव्हापासून वाटत नाही.

मला भीती वाटते ती उलट गोष्टीची. आम्ही मोठी माणसे खेळातल्या बाद होण्याला खरे मरण समजतो. दहावीत मुलगा गणितात गेला की घरात सुतक पडल्यासारखे होते. बाप बोलत नाही, आई शेजारणीला टाळते, आणि पोराच्या मनात येते की आपला डाव संपला. काही पोरे तर या समजुतीपायी खरोखरच जिवाचे बरेवाईट करून घेतात. ज्याला पुन्हा उठता आले असते, त्याला आपण गामिनीच्या रेघेबाहेर बसवले, ही केवढी क्रूरता! आमच्या पूर्व भागातला असाच एक मुलगा दोनदा नापास होऊन टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागला होता. त्याच्याबरोबर मोबाइलवर खेळणारे दोघे मित्र रोज संध्याकाळी कारखान्याच्या दाराशी जाऊन उभे राहू लागले. जुलैच्या पुरवणी परीक्षेचा अर्ज त्यांनीच भरून आणला, गणितही त्यांनीच घोकून घेतले. तो पास झाला. त्यांना मी शाबासकी दिली, तर एक जण म्हणाला, "सर, त्याला उठवायलाच पाहिजे होतं."

हा शब्द त्यांनी कुठून उचलला ते सांगायला नको. खेळ कोणता हे मी फारसे पाहत नाही. त्यात 'मला उठव' म्हणता येते की नाही आणि त्या हाकेला कोणी येते की नाही, एवढे पाहतो. मृत्यूवर इलाज नाही. आमच्या पद्मशाली बांधवांचे मार्कंडेय ऋषी सोळाव्या वर्षी यमाच्या पाशातून सुटले, म्हणूनच त्यांचा रथ दरवर्षी नारळी पौर्णिमेला सोलापुरात मिरवतो. सगळेच सुटत असते तर रथ कशाला निघाला असता? पण मृत्यूच्या अलीकडे जी शेकडो लहान मरणे आहेत, नापास होणे, नोकरी जाणे, भावाभावांत अबोला धरणे, त्यांच्यावर संजीवनी आहे, आणि ती प्रत्येक वेळी दुसऱ्याच्याच हाती असते.

कचाच्या कथेचा शेवट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. देवयानीने चिडून त्याला शाप दिला की, शिकलेली विद्या तुला फळणार नाही. त्यावर तो म्हणाला, मला न फळो, मी जिला शिकवीन तिला, ज्याला शिकवीन त्याला ती फळेल. माझी स्वतःची मजल मॅट्रिकच्या पुढे गेली नाही, आणि माझ्या हाताखालून गेलेली मुले इंजिनियर झाली, डॉक्टर झाली. त्यामुळे हा शाप मला कधी शाप वाटलाच नाही.

कबड्डीचा एक जुना नियम आहे. जो गडी आधी बाद झाला, तो आधी जिवंत होतो. सर्वांत जास्त वेळ बाहेर बसलेल्याचा हक्क पहिला. यंदाच्या भाऊबीजेला घरात पाने मांडली जातील, तेव्हा आपल्याही नात्यागोत्यात रेघेबाहेर फार दिवस बसलेला कोणी आहे का, एवढे आठवून पाहावे, आणि पहिले बोलावणे त्याला धाडावे.